पोळ्याचा सण आणि पशुरोगांवरचा जागता पहारा

आज श्रावण अमावास्या, बैलपोळ्याचा दिवस. काल सायंकाळी गोठ्यागोठ्यांतून खांदमळणी झाली. वर्षभर जुवाने घासलेल्या खांद्याला तूप-हळद चोळताना घरधन्याचा हात नकळत हळवा झाला असेल. आज शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, कपाळी बाशिंग आणि गळ्यात घुंगरमाळा अशा थाटात बैलजोड्या वेशीवरच्या तोरणाखाली उभ्या राहतील. घरी परतल्यावर गृहिणी त्यांचे पाय धुऊन औक्षण करील आणि पुरणपोळीचा घास त्यांच्या मुखी देईल. मुक्या जिवाच्या श्रमांपुढे माणसाने वर्षातून एकदा नतमस्तक व्हावे, ही या सणामागची भावना आहे.

या सोहळ्यावर मध्यंतरी एक सावट येऊन गेले, त्याचे स्मरण आजच्या दिवशी करणे अप्रस्तुत ठरू नये. २०२२ च्या पोळ्याच्या सुमारास लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रात पाय पसरले. सप्टेंबरात संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले आणि गुरांचे बाजार बंद पडले. २०२३ च्या पोळ्यालाही अनेक गावांनी मिरवणूक न काढता गोठ्यातच पूजा केली. तेव्हा कित्येक श्रद्धाळू घरांना एकच प्रश्न पडला होता. बैलाला तोरणाखाली नेणे ही त्याची पूजा, की त्याला तोरणापासून दूर ठेवणे ही? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर गावाच्या वेशीबाहेर, किंबहुना देशाच्या सीमेबाहेरही पाहावे लागते.

बुळकांडीचा धडा

आपल्या आजोबा-पणजोबांना बुळकांडी हे नाव ठाऊक होते. ताप, तोंडातील व्रण आणि रक्तमिश्रित हगवण यांनी चार-आठ दिवसांत गोठाच्या गोठा रिकामा करणारा हा रोग. त्याला समुद्रही अडवू शकला नाही. १८८७ च्या सुमारास तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला. इटलीच्या सैन्यासाठी भारतातून नेलेल्या गुरांबरोबर तो तेथे गेला, असे अनेक इतिहासकार मानतात. पुढील दहा वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. नांगराला बैल उरले नाहीत. इथिओपियात त्यामुळे भीषण दुष्काळ पडला आणि गुरांपाठोपाठ माणसेही अन्नान्न करून मेली.

१९२० मध्ये पुन्हा तसेच घडले. भारतातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात काही काळ थांबली आणि तेवढ्यात बुळकांडी युरोपात शिरली. या धक्क्याने जागे होऊन १९२१ मध्ये पॅरिस येथे परिषद भरली आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ राष्ट्रांनी एकत्र येऊन पशुरोगांसाठी एक आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन केले. तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. तिचे मुख्य काम वरकरणी अगदी साधे आहे. कोणत्या देशात कोणता रोग उद्भवला, याची वर्दी त्या देशाने द्यावयाची आणि ती तत्काळ सर्व जगाला कळवावयाची. गावाच्या वेशीवर जागल्या जे करीत असे, तेच हे कार्य जगाच्या वेशीवर चालते.

या इतिहासात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. जनावरांच्या सांसर्गिक रोगांचे संशोधन करण्यासाठी १८८९ मध्ये सरकारने जी प्रयोगशाळा उघडली, ती पुण्यात. घातक जंतू वस्तीपासून दूर असावेत म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वरला नेण्यात आली. तेथेच १९२० नंतरच्या दशकात बुळकांडीवर शेळीच्या माध्यमातून लस तयार झाली. पुढे वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात अधिक निर्धोक लस सिद्ध केली. भारताने १९५४ पासून राष्ट्रीय मोहीम चालविली. भारतातील अखेरची लागण १९९५ मधील, तर जगातील अखेरची २००१ मधील केनियातील. २०११ मध्ये बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याची घोषणा झाली. देवीच्या रोगानंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग होय.

हे यश केवळ लसीचे नव्हते. लस टोचणे थांबवून, गावोगाव हिंडून, रोग खरोखरीच उरलेला नाही ना, हे वर्षानुवर्षे तपासत राहणे हा मोहिमेचा शेवटचा आणि सर्वांत चिवट भाग होता. रोग दिसत नाही म्हणजे तो नाही, असे मानून तेथेच स्वस्थ बसले असते, तर तो परतला असता.

लम्पीचा प्रवास

लम्पीची कथा याच्या उलट आहे. १९२९ मध्ये आफ्रिकेतील आजच्या झांबियात हा रोग प्रथम नोंदला गेला. कित्येक दशके तो त्याच खंडात राहिला. १९८८ मध्ये इजिप्त, १९८९ मध्ये इस्रायल, २०१५ मध्ये ग्रीस अशी वाट तुडवीत २०१९ मध्ये तो भारतात ओडिशात प्रकटला. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड त्याचे वाहक. मात्र माशी दूरचा पल्ला स्वतःहून गाठीत नाही. दूरचा प्रवास घडतो तो बाजाराला नेलेल्या, ट्रकमध्ये भरलेल्या आजारी जनावराकडून. २०२२ मध्ये देशात दीड लाखाहून अधिक गुरे या रोगाने दगावली आणि त्यांत सर्वाधिक हानी राजस्थानची झाली. महाराष्ट्राने त्या वर्षी एक कोटीहून अधिक गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचून घेतली, कारण हे दोन्ही विषाणू एकाच कुळातील आहेत. हा रोग माणसाला होत नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. अफवेने भयभीत होऊन तेव्हा काही घरांनी दूध टाकून दिले, ते अनाठायी होते.

लाळ्या-खुरकूत हा तर आपल्या परिचयाचा रोग. तो मोठ्या जनावराला सहसा मारीत नाही. पण मोडून टाकतो. बैल महिनोन्महिने औताला लागत नाही आणि गाय दूध तोडते. १९९० मध्ये उत्तर भारतात आढळलेला त्याचा एक प्रकार आशियाभर पसरत २००१ मध्ये ब्रिटनला पोहोचला आणि तो रोखण्यासाठी तेथे साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळच्या म्हशींच्या एका लहानशा कळपात तो १९८८ नंतर प्रथमच आढळला. जर्मनीने ते जगापासून लपविले नाही. परिणामी अनेक देशांनी तेथील जनावरे, मांस व दुग्धपदार्थ घेणे बंद केले. भारतात २०१९ पासून लाळ्या-खुरकुताविरुद्ध राष्ट्रीय लसीकरण चालू असून २०३० पर्यंत त्याचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आहे.

खरे सांगण्याची किंमत

जर्मनीच्या उदाहरणात साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. जो देश प्रामाणिकपणे वर्दी देतो, त्याचाच व्यापार प्रथम बुडतो. त्यामुळे रोग दडविण्याचा मोह प्रत्येक देशाला होतो. हाच मोह गावातील शेतकऱ्यालाही होतो. अंगावर चार गाठी दिसल्या की बाजार बंद होईल, शेजारी तोंड फिरवतील, जनावराला किंमत येणार नाही, या भीतीने तो गप्प राहतो किंवा दुसऱ्याच दिवशी ते जनावर दूरच्या बाजारात विकून मोकळा होतो. त्या एका विक्रीने चार तालुक्यांत रोग जातो.

त्याला केवळ दोष देऊन भागणार नाही. ज्याच्या दावणीला दोनच बैल आहेत, त्याच्याकडून सत्याची अपेक्षा करावयाची, तर त्या सत्याची सारी किंमत त्याच्या एकट्याच्या माथी मारता कामा नये. २०२२ मध्ये राज्य सरकारने लम्पीने मेलेल्या दुभत्या गाईसाठी ३० हजार आणि ओढकाम करणाऱ्या बैलासाठी २५ हजार रुपये साहाय्य ठरविले, त्यामागचे तत्त्व हेच होय. असे साहाय्य वेळेवर पोहोचले तर वर्दी लवकर येते आणि ते रखडले तर पुढच्या वेळी माणसे गप्प बसतात. म्हणून नुकसानभरपाई हा दयेचा नव्हे, तर पहाऱ्याचाच भाग मानला पाहिजे. २००९ च्या केंद्रीय कायद्याने सांसर्गिक रोगाची वर्दी देणे पशुपालकाचे कर्तव्य ठरविले आहे आणि रोगी जनावर बाजारात किंवा जत्रेत आणण्यास मनाई केली आहे. परंतु धाक एकटा पुरत नाही, त्याला विश्वासाची जोड लागते.

गोठ्यातील जागल्या

पॅरिसमधील नोंद अखेर कोणाच्या तरी गोठ्यात सुरू होते. ताप आलेले, चारा सोडलेले, लाळ गाळणारे, पाय सुजलेले किंवा अंगावर गाठी उठलेले जनावर पहिल्यांदा दिसते ते डॉक्टरला नव्हे, तर सकाळी धार काढणाऱ्या बाईला किंवा वैरण टाकणाऱ्या मुलाला. तेव्हा ते जनावर वेगळे बांधावे, १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, गोठा कोरडा व स्वच्छ ठेवून माश्या-गोचिडांचा बंदोबस्त करावा. कानातील बिल्ला आणि वेळेवर टोचलेली लस यांना सरकारी कटकट न मानता बैलाच्या अंगावरील दागिना मानावे.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या परंपरेने बैलाची पूजा सांगितली आहे आणि पूजेचा पहिला अर्थ पूज्याचे रक्षण हा आहे. निरोगी, लस टोचलेला बैल आज खुशाल तोरणाखाली मिरवावा. ज्याच्या अंगात ताप आहे, त्याला गोठ्यातच ओवाळावे. त्याच्या वाट्याची पुरणपोळी कमी होत नाही आणि शेजाऱ्याची जोडी वाचते. पुढील वर्षी खांदमळणीला तूप-हळदीचा हात फिरेल, तेव्हा तो खांद्यापाशीच न थांबता मानेवरून, पाठीवरून, पोटाखालून सावकाश फिरावा. एखादी गाठ बोटांना लागली, तर ती वेळीच लागलेली बरी.