उपग्रहाला धूर दिसतो, श्वासाचे काय?

साखरखेर्डा परिसरात तूर निघाली, कपाशीची शेवटची वेचणी आटोपली की बांधावर तुराट्या-पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. काही चुलीसाठी घरी येतात. उरलेल्यांना अनेकदा काडी लावली जाते. थंडीच्या संध्याकाळी हा धूर वर न जाता गावावरच पसरून राहतो आणि दम्याच्या रुग्णाची रात्र अंथरुणात बसून जाते. त्या रात्री हवेत किती सूक्ष्म कण होते, हे मात्र कुणालाच ठाऊक नसते. हवा सतत मोजणारी केंद्रे बहुतांश शहरांत आहेत. खेड्यांसाठी उरतो तो उपग्रह.

उपग्रहाचे मोल जानेवारी २०२२ मध्ये दिसले. कराचीच्या बाजूने उठलेले धुळीचे वादळ अरबी समुद्र ओलांडून २३ जानेवारीला मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचले. सूर्य फिकट झाला, गाड्यांवर पांढुरका थर बसला. समुद्रावर हवा मोजणारे केंद्र नसते. तरीही उपग्रहाच्या चित्रांत धुळीचा पट्टा सरकताना स्पष्ट दिसत होता.

चित्रात धूळ पिवळसर-तपकिरी, तर धूर निळसर-करडा दिसतो. ढग आणि धूळ वेगळी ओळखण्यासाठी अवरक्त किरणांच्या दोन जवळच्या पट्ट्यांतील फरक मोजला जातो. आग तिच्या उष्णतेवरून सापडते. भारताचे इन्सॅट उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून एकाच भागावर नजर ठेवतात आणि थोड्या थोड्या वेळाने चित्र पाठवतात. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह बरेच जवळून, अधिक तपशिलाने पाहतात. पण ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात. त्यांच्याच माहितीवरून देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था वन विभागाला वणव्याचे इशारे देते. मेळघाटसारख्या डोंगराळ जंगलात असा इशारा फार उपयोगी पडतो.

मात्र उपग्रहाला दिसले नाही म्हणजे धूर नव्हता, असे नाही. पंजाब-हरियाणात पराली जाळण्याच्या घटना कमी नोंदल्या जाऊ लागल्या, तेव्हा अमेरिकेच्या ‘नासा’तील शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या उपग्रहाची चित्रे तपासली. दुपारचा उपग्रह निघून गेल्यावर जाळण्याचे प्रमाण वाढल्याचे त्यांत दिसले. बांधावरचा छोटा, संध्याकाळचा ढीगही असाच नोंदीतून निसटू शकतो. ढगाळ दिवशी तर बरेच काही झाकले जाते.

उलटही घडते. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखीची राख भारतावर आली. चित्र भीतीदायक होते, पण ती राख विमानांच्या उंचीवर होती. धोका मुख्यतः विमानांना होता. उपग्रह वरपासून खालपर्यंतची सगळी हवा एकत्र पाहतो. माणूस श्वास घेतो तो जमिनीलगतच्या हवेत.

शरीराच्या दृष्टीने कणाचा आकार महत्त्वाचा. वाऱ्याने उडालेल्या धुळीतील जाड कण बरेचसे नाका-घशात अडकतात. धुरातले अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि दम्याबरोबरच हृदयविकारही बळावतो. या कणांची देशातील २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १५. तोंडाला बांधलेला रुमाल जाड धूळ अडवतो, हे सूक्ष्म कण नाही. त्यासाठी घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. धुराच्या वेळी दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, वृद्ध, गर्भवती व लहान मुलांना बाहेर काढू नये आणि दम्याचा पंप बरे वाटते म्हणून बंद करू नये.

शेतकऱ्याला दोष देऊनही भागणार नाही. पऱ्हाटी उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळी पोसली जाते. ती वेळेत काढावीच लागते. प्रश्न काढल्यानंतरचा आहे. तिचा भुगा करणारे यंत्र गावात भाड्याने मिळाले, तर काडी लावण्याची गरज कमी होईल. उष्णतेच्या लाटेचा इशारा आता गावोगावी पोहोचतो, तसाच धूर-धुळीचाही आशा सेविकेपर्यंत पोहोचायला हवा. त्यासाठी उपग्रहाच्या जोडीला तालुक्यात जमिनीवर हवा मोजणारे निदान एक यंत्र लागेल. नाहीतर वणव्याचा इशारा वनरक्षकाच्या मोबाइलवर येत राहील आणि बांधावरच्या धुराची नोंद फक्त बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत होईल.