देखरेख की आधार?

आपल्या कित्येक घरांतील लेकी आज इस्पितळांत परिचारिका आहेत. काही तर विलायतेस पोहोचल्या आहेत. तेथील थंडीची व रात्रपाळीची काळजी घरची माणसे करतात. परंतु जिच्या हातांत दुपारी एखादा रोगी दगावला, ती संध्याकाळी कोणापाशी बोलते, हे आपण सहसा विचारीत नाही.

इंग्लंडच्या आरोग्यखात्याने १९९३ साली परिचर्येविषयी जो आराखडा काढला, त्यात याकरिता ‘क्लिनिकल सुपरव्हिजन’ची शिफारस होती. महिन्याकाठी तासभर एखाद्या अनुभवी सहकारिणीसमवेत बसावे, झालेल्या कामाचा विचार करावा, त्यातून शिकावे आणि मनावरील भार हलका करावा, अशी ही योजना. पण नाव पडले ‘सुपरव्हिजन’, म्हणजे देखरेख! पुष्कळ परिचारिकांस वाटले की, ही वरिष्ठांचीच नवी नजर. जी बाई आपल्या कामावर वार्षिक शेरा लिहिणार, तिच्याच समोर ‘माझा हात त्या वेळी कापला’ असे कोण सांगेल?

ही शंका पोकळ नव्हती. त्याच देशात सुइणींवर १९०२ च्या कायद्यापासून देखरेख होती. पुढे पुढे जी अनुभवी सुईण इतरांना आधार द्यावयाची, तिच्याकडेच चूक घडल्यावर चौकशीचेही काम असे. एकाच व्यक्तीने ही दोन्ही कामे करू नयेत, असे तेथील लोकपालांनी २०१३ साली स्पष्ट सांगितले, आणि २०१७ साली ती कायदेशीर देखरेख संपुष्टात आली. शंभराहून अधिक वर्षे लागली म्हणावयाची!

ज्यांना असा तास नियमित लाभला, त्यांपैकी अनेकींचे मत मात्र अनुकूल आहे. त्या सांगतात की, सोबतीण आपल्या पसंतीची असावी आणि बोलणे बाहेर जाऊ नये. रोग्यास धोका असेल तर तिला गप्प राहता येणार नाही, एवढे आरंभीच ठरवून घ्यावे. त्याला कोणाची हरकत नसते. इंग्लंडमध्ये २०२१ पासून अशा कामासाठी परिचारिकांनाच खास शिक्षण देऊन तयार केले जात आहे.

खरी तक्रार आहे ती वेळेची. वॉर्डात माणसे कमी पडली की पहिला रद्द होतो तो हाच तास. तो ड्यूटीतच धरला जावा, एवढीच त्यांची मागणी आहे; सुटीच्या दिवशी गाडीभाडे खर्चून मन मोकळे करावयास कोण येणार?