अमेरिकेत, पण कुठल्या गावात?



स्थळ पुण्याचे असले की आपण केवढी चौकशी करतो! कोंढव्यात राहतो की हडपसरला, घर स्वतःचे की भाड्याचे, पाणी किती वेळ येते, मशीद किती लांब. तेच स्थळ अमेरिकेचे असले की सगळे प्रश्न एकदम गप्प होतात. 'मुलगा अमेरिकेत आहे' एवढ्या तीन शब्दांवर मिठाई वाटली जाते. जणू अमेरिका हे एकच गाव आहे आणि तिथे सगळ्यांची घरे एकाच गल्लीत आहेत.

गेल्या महिन्यात सोलापूरच्या एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "आपा, मुलीला स्थळ आले आहे. मुलगा इंजिनीअर आहे, घराणे माहितीतले आहे. सीडर रॅपिड्स नावाच्या गावी नोकरी करतो. मुलीने मोबाइलवर नकाशा काढून पाहिला तर चहूकडे शेतेच दिसतात. मुलगी बी.एस्सी., बी.एड. आहे, दोन वर्षे शाळेत शिकवते. तिचे अब्बा म्हणतात, विचार कसला करायचा, हो म्हणा. मुलगी म्हणते, तिथे जाऊन मी काय करू? तिला काय सांगू?"

प्रश्न मुलीने विचारला आहे आणि तो अगदी रास्त आहे. आमची एक विद्यार्थिनी नऊ वर्षांपासून याच गावात राहते. तिच्याशी आम्ही दोन रविवार फोनवर बोललो. तिच्याकडून कळले ते आणि आमच्या वाचनातले मिळून इथे मांडत आहोत.

सीडर रॅपिड्स हे आयोवा राज्यातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १,३७,७१० भरली. म्हणजे रत्नागिरीपेक्षा मोठे आणि सोलापूरपेक्षा कितीतरी लहान. पत्रातल्या मुलीला नकाशात दिसली ती शेते मक्याची आणि सोयाबीनची. गावच त्या धान्यावर उभे आहे. नाश्त्याच्या ओट्सचा क्वेकर कंपनीचा अवाढव्य कारखाना नदीकाठी आहे. वारा फिरला की गावभर भाजलेल्या धान्याचा वास पसरतो. दुसरा मोठा धंदा विमानांच्या आणि संदेशवहनाच्या यंत्रांचा. आर्थर कॉलिन्स यांनी १९३३ मध्ये इथे रेडिओची कंपनी काढली. १९६९ मध्ये चंद्रावरून माणसाचा आवाज पृथ्वीवर आला, तो या कंपनीच्या यंत्रांच्या मदतीने. आपल्याकडचे इंजिनीअर अशा गावात पोहोचतात ते या कारखान्यांमुळे आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या संगणकाच्या कामांमुळे.

आता आमच्या वाचकांना नवल वाटेल अशी गोष्ट. अमेरिकेत मशीद म्हणूनच बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या इमारतींत सर्वांत जुनी इमारत याच गावात आहे. न्यूयॉर्कमध्ये नाही, शिकागोमध्ये नाही, मक्याच्या शेतांमधल्या या गावात! आजच्या सीरिया-लेबनॉनच्या भागातून आलेले लोक इथे पाठीवर गाठोडे घेऊन शेतावरच्या घरांना सुई-दोरा, कापड विकत फिरायचे. पुढे त्यांनी किराणा दुकाने टाकली. साऱ्या अमेरिकेत मंदी होती, लोकांच्या हाताला काम नव्हते, अशा काळात या मोजक्या कुटुंबांनी १९३४ मध्ये ही मशीद उभी केली. बाहेरून पाहिली तर लाकडी पांढरे घर, वर लहानसा घुमट. जमात वाढली तेव्हा १९७० नंतर नवे इस्लामिक सेंटर झाले आणि जुनी इमारत विकली गेली. ती पडझडीला आली होती. १९९० मध्ये आयोवातल्या मुस्लिमांनी ती परत विकत घेतली आणि दुरुस्त केली. आज तिला 'मदर मॉस्क', म्हणजे मशिदींची आई, म्हणतात. राष्ट्रीय वारसा स्थळांच्या यादीत तिचे नाव आहे. गावात मुस्लिमांचे स्वतंत्र कब्रस्तानही १९४० च्या दशकापासून आहे.

याच गावचे अब्दुल्ला इग्राम दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. सैनिकाच्या गळ्यात ओळखीची पट्टी असते, तिच्यावर धर्माची खूण असायची. खुणा तीनच होत्या: प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि यहुदी. मुस्लिम सैनिक मेला तर त्याचे अंत्यसंस्कार कसे करायचे हे त्या पट्टीवरून कळत नसे. इग्राम यांनी १९५३ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना पत्र लिहून मुस्लिम सैनिकांची नोंद व्हावी अशी मागणी केली. किराणा दुकानदारांच्या जमातीतला एक तरुण एवढे करू शकला. तेव्हा 'तिथे आपले कोण आहे' या काळजीला उत्तर आहे. नव्वद वर्षांपासून आहेत.

पण मशीद जुनी आहे म्हणून रोजचे जगणे सोपे होते असे नाही. विद्यार्थिनी सांगत होती, "बाई, इथे गाडी चालवता आली नाही तर बाई घरात कैद होते." बसच्या फेऱ्या थोड्या, रिक्षा नाहीच. दूध आणायचे तरी गाडी. जानेवारीत पारा शून्याखाली दहा-बारा अंश जातो, कधी वीसच्याही खाली. पहिल्या हिवाळ्यात ती तीन महिने नवऱ्याच्या सुटीची वाट पाहत बसली. दुसऱ्या हिवाळ्याआधी तिने लायसन्स काढले आणि मग गाव तिचे झाले. हलाल मटण, आपले मसाले काही प्रमाणात गावात किंवा पाऊण तासावरच्या आयोवा सिटीत मिळतात. मोठी खरेदी शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर. हे अंतर जवळपास चारशे किलोमीटर, म्हणजे सोलापूरहून मुंबईला बाजारहाट करायला जाण्यासारखे.

नमाज-रोजाचे वेळापत्रकही वेगळे. डिसेंबरात सूर्य साडेचारलाच मावळतो, म्हणजे जोहर, असर आणि मगरिब तिन्ही नोकरीच्या वेळेत. जूनमध्ये रमजान आला तर रोजा सतरा तासांच्या घरात. ईदला सरकारी सुटी नाही, रजा टाकावी लागते. मात्र १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार, कामात फार मोठी अडचण होत नसेल तर धर्मपालनासाठी सवलत देणे मालकावर बंधनकारक आहे. त्यासाठी तोंड उघडून मागावे लागते. गप्प बसणाऱ्याला कुणी आपणहून देत नाही.

शेजारधर्माचे एक उदाहरण तिने सांगितले. १० ऑगस्ट २०२० रोजी या गावावर भयंकर वादळ आले. वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर गेला असावा असा हवामान खात्याचा अंदाज. गावातली निम्म्याहून अधिक झाडांची सावली तासाभरात गेली आणि कित्येक घरांत आठवडाभराहून जास्त वीज नव्हती. हिच्या दारात झाड आडवे पडले होते. तीन वर्षांत ज्याच्याशी फक्त हात हलवण्यापुरती ओळख, तो म्हातारा शेजारी यांत्रिक करवत घेऊन आला आणि झाड कापून गेला. हिची शेगडी विजेवरची, म्हणून त्याच्या बायकोने अंगणातली कोळशाची शेगडी दिली. हिने त्यावर खिचडी करून दोन्ही घरांना वाढली.

आता पत्रातल्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. तिथे जाऊन ती काय करील?

कामासाठी गेलेल्या बहुतेक मुलांकडे एच-१बी हा व्हिसा असतो. तो आधी तीन वर्षांचा आणि साधारणपणे कमाल सहा वर्षांचा. बायकोला मिळतो एच-४. या व्हिसावर ती शिकू शकते, लायसन्स काढू शकते, बँकेत खाते उघडू शकते. पगाराची नोकरी मात्र आपोआप करू शकत नाही. २०१५ पासून त्यात एक वाट निघाली आहे. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तरच बायकोला कामाचा परवाना मागता येतो. म्हणून 'मुलगा अमेरिकेत आहे' याच्या पुढे 'त्याचा अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे' हे विचारणे भाग आहे. त्या एका उत्तरावर मुलीची पाच-सात वर्षे अवलंबून असतात.

ग्रीन कार्डाची रांगही समजून घ्या. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० कार्डे दिली जातात, त्यांत बायका-मुलेही मोजली जातात, आणि कुठल्याही एका देशाला ढोबळमानाने सात टक्क्यांची मर्यादा असते. भारतीयांचे अर्ज इतके की रांग अनेक वर्षांची झाली आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने बाहेरून नव्याने बोलवायच्या एच-१बी कामगारांसाठी मालकाकडून एक लाख डॉलर घेण्याचा हुकूम काढला. म्हणजे एकदा परत आले की पुन्हा जाणे पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही.

मुलगी बी.एड. आहे, तेव्हा हेही सांगतो. सरकारी शाळेत शिकवायचे तर आपली पदवी तपासून घ्यावी लागते आणि त्या राज्याचा शिक्षकाचा परवाना काढावा लागतो. वेळ लागतो, पैसे लागतात, पण होते. आमच्या विद्यार्थिनीने एच-४ वर असताना जवळच्या कॉलेजात दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. कामाचा परवाना हातात आला तेव्हा ती तयार होती. आज ती लहान मुलांच्या शाळेत शिकवते. मधली चार वर्षे मात्र तिच्या नावावर एक डॉलरही जमा झाला नव्हता.

आणि एक दुःख, ज्याबद्दल स्थळ बघताना कुणी बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या अब्बांचे पहाटे इंतकाल झाले. त्या गावचे विमानतळ लहान. शिकागोला विमान बदलायचे, मग मुंबई, मग गाव. झटपट तिकीट मिळाले तरी दीड दिवस. आपल्याकडे मय्यत एवढा वेळ ठेवत नाहीत, ठेवूही नये. जोहरनंतर जनाजा उठला. तिने फोनवर पाहिला, तेव्हा तिच्याकडे रात्रीचे तीन वाजले होते. भावाने विचारले, "आता येतेस का?" तर व्हिसाचा शिक्का संपलेला. आली असती तर नव्या शिक्क्यासाठी इथे किती महिने अडकावे लागले असते कुणास ठाऊक. ती सात महिन्यांनी आली आणि आधी कब्रस्तानात गेली. हे सांगताना तिचा आवाज बदलला नाही. आमचाच बदलला.

म्हणून सोलापूरच्या भगिनीला आणि अशा सगळ्या घरांना आमचे सांगणे असे. 'हो' म्हणायला हरकत नाही, फक्त आंधळेपणाने म्हणू नका. इस्तिखारा जरूर करा, त्याआधी चौकशीही करा. मुलाचा व्हिसा कोणता, किती वर्षे झाली, ग्रीन कार्डाचा अर्ज झाला आहे का? विम्यात बायकोचे नाव घालणार का, बाळंतपणाचा खर्च किती भरावा लागेल? गाडी शिकवणार का, फी भरून शिकू देणार का? महिन्याला तिच्या स्वतःच्या खात्यात किती रक्कम टाकणार? ही उत्तरे मध्यस्थाने द्यायची नाहीत. मुलाने स्वतः, घरच्यांच्या हजेरीत, मुलीला द्यावीत. उत्तरे देताना तो चिडला, तर तेही एक उत्तरच आहे.

जे कबूल होईल ते निकाहनाम्यात लिहून घ्या. शिक्षणाची, नोकरीची, वर्षा-दोन वर्षांनी माहेरी येण्याची अट घालण्यात कसलाही कमीपणा नाही, आपल्या शरीअतने ती मुभा दिली आहे. निकाहची सरकारी नोंदणी करून दाखला घ्या, व्हिसासाठी तो लागतोच. मुलीचा पासपोर्ट, पदव्यांचे कागद आणि निकाहनाम्याची प्रत मुलीच्याच ताब्यात राहू द्या. जिवाला धोका वाटला तर ९११ हा क्रमांक तिला पाठ हवा. आयोवासाठी भारताचे वाणिज्य दूतावास शिकागोत आहे, त्याचा पत्ता तिच्याजवळ असू द्या. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा जाण्याआधी दूतावासाच्या अधिकृत माहितीशी ताडून पाहा.

आणि मुलीला आमचा निरोप द्या. बेटी, जायचे ठरले तर तिकिटाच्या आधी सोलापुरातच ड्रायव्हिंग शिकून घे. सध्याच्या शाळेकडून अनुभवाचा दाखला मागून ठेव, विद्यापीठातून गुणपत्रिकांच्या मोहोरबंद प्रती काढून ठेव. जायचे नाही असे ठरले, तरी यातले काहीच वाया जाणार नाही.