साइज रोलमध्ये रुंदीचा रकाना हवा

पावसाळ्याआधी पुरवलेला सेफ्टी बुटांचा माल परत आल्याच्या पुरवठादारांच्या तक्रारी या महिन्यात लागोपाठ आल्या. पत्रे नागपूर, बुटीबोरी, उमरेड, चंद्रपूर अशा निरनिराळ्या ठिकाणांची, पण मजकूर जवळपास एकच. लॉट तपासणीत पास झाला होता. २०० ज्यूलच्या आघात चाचणीत टो-कॅप टिकली, अपर आणि सोलची पकड मापात आली, चामड्याची जाडी ठरल्याप्रमाणे भरली. तरी महिनाभरात स्टोअरचे पत्र आले: कामगार बूट घालत नाहीत, दर्जा असमाधानकारक, माल बदलून द्यावा. बिल अडकले ते वेगळेच.

आम्ही या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. साइज रोल, म्हणजे कोणत्या नंबराच्या किती जोड्या याची यादी, कुठून आला होता? उत्तरही सगळीकडून एकच आले: गेल्या वर्षीच्या फाइलीतून. गेल्या वर्षीचा रोल त्याच्या आधीच्या वर्षीच्या फाइलीतून. मुळात ते पाय कोणी, कधी मोजले होते, हे कोणालाच सांगता आले नाही.

निविदेची कागदपत्रे काढून पाहा. चामड्याची तन्यता, सोलची घनता, तेलरोधकता, आयलेटचा गंज, खोक्याच्या पुठ्ठ्याचे वजन, सगळ्याला आकडा आहे आणि प्रत्येक आकड्यामागे लॅबचा अहवाल मागितलेला आहे. पाय बुटात बसण्याबद्दल मात्र एकच ओळ असते, ‘साइज ५ ते ११, मागणीप्रमाणे’. रुंदीचा उल्लेख कुठेच नाही. आयएस १५२९८ च्या भाग २ मध्ये टो-कॅपखाली किती उंची मोकळी राहिली पाहिजे हे दिलेले आहे, पंजाच्या घेराला आकडा नाही. साइज आणि फिटिंगचे आयएस १६३८ हे मानक कित्येक दशकांपासून अस्तित्वात आहे, पण खरेदी विभागातल्या एकाही बाबूने ते निविदेत जोडलेले आमच्या पाहण्यात नाही.

परत आलेली जोडी टाकून देऊ नका, ती टेबलावर घेऊन नीट पाहा. अपर करंगळीच्या बाजूला सोलच्या कडेबाहेर झुकलेला दिसेल. लेस बांधायच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून इतक्या दूर राहिलेल्या असतील की मधली जीभ उघडी पडली आहे. वेल्ट असेल तर शिलाई त्याच जागी उसवलेली असेल, थेट साच्यात ओतलेला डीआयपी सोल असेल तर पकड नेमकी तिथूनच सुटायला लागलेली असेल. याला दर्जाचा दोष म्हणणे चूक आहे. सातव्या नंबरच्या लांबीचा पाय एफ फिटिंगच्या फर्म्यावर बनलेल्या बुटात कोंबला गेला, त्याला त्याहून रुंद जी किंवा एच हवे होते, एवढाच त्याचा अर्थ.

अशा वेळी स्टोअरकीपर कामगाराला जे सांगतो तेच आपल्यातले बहुतेक दुकानदारही गिऱ्हाइकाला सांगतात: एक नंबर मोठा घ्या. याचा हिशेब एकदा मांडू. इंग्रजी क्रमांकाची एक पायरी म्हणजे एक तृतीयांश इंच, ८.४६ मिमी. तेवढी लांबी वाढवल्यावर पंजाच्या घेरात मिळतात सुमारे ६ मिमी. फिटिंगची एक पायरी, एफवरून जी, हीसुद्धा घेरात साधारण तेवढीच. म्हणजे ज्याला दोन फिटिंग रुंद बूट हवा त्याला आपण दोन नंबर लांब बूट देतो आणि १२ मिमी घेरासाठी १७ मिमी फालतू लांबी त्याच्या पायाला बांधतो. बूट दुमडायची जागा पंजाच्या सांध्यापुढे जाते. शँक कमानीखाली राहत नाही. टाच दर पावलाला उचलते. टो-कॅप बोटांच्या पुढे सरकते, म्हणजे ज्या बोटांसाठी २०० ज्यूलची हमी घेतली त्यांचाच मागचा भाग उघडा पडतो. उताराच्या गॅलरीत किंवा लोखंडी शिडीवर असा बूट घालून चालणारा माणूस अडखळला, तर अपघाताच्या नोंदीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहिले जाते. आम्हाला हे सहन होत नाही आणि वाचकांनाही होऊ नये.

साध्या चामडी बुटाला निदान स्ट्रेचरवर चढवून रुंदीत थोडी सूट काढता येते, कारण चामडे आडवे सैल पडते, लांबीला नाही. पोलादी टो-कॅपच्या बुटाला पुढच्या भागात तेही शक्य नाही. तिथे माप चुकले की कायमचे चुकले.

भारतीय पाय रुंद असतो हे आता अंदाजाने बोलायची गरज राहिलेली नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशाच्या पाच विभागांत, ७९ ठिकाणी, १,०१,८८० जणांचे पाय थ्रीडी स्कॅनरवर मोजले. युरोपीय आणि अमेरिकी पायापेक्षा आपला पाय रुंद आहे आणि साऱ्या देशाला एकच मापपद्धती पुरेल, असा निष्कर्ष निघाला. त्यावरून ‘भा’ ही मापपद्धती तयार झाली. तान्ह्या बाळापासून प्रौढ पुरुषापर्यंत आठ गट ठरले, शिफारशी केंद्रीय उद्योग विभागामार्फत भारतीय मानक ब्यूरोकडे गेल्या आणि २०२५ पासून अंमल अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. नागपूरच्या घाऊक बाजारातल्या खोक्यांवर आजही ६, ७, ८ हेच इंग्रजी आकडे आहेत.

याउलट दर्जाची सक्ती बघा. पादत्राणांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. परवाने, शिक्के, नमुने, चाचणी शुल्क यांच्या तारखा काटेकोर पाळायला लावल्या. सक्तीला आमचा विरोध नाही. तकलादू रेक्झिनचा बूट चामड्याच्या नावाने विकला जाऊ नये हे आम्ही या पानावर वारंवार लिहिले आहे. पण सोल किती वेळा वाकवल्यावर तडा जातो हे तपासायची घाई आणि तो सोल कोणाच्या पायाखाली जाणार हे मोजायला सवड नाही, ही कामाची कोणती रीत? एक लाखाहून जास्त पाय मोजून हाती आलेली माहिती कारखानदाराच्या फर्म्यापर्यंत पोहोचत नसेल, तर ती मोजणी कोणासाठी केली?

जुन्या साइज रोलचा आणखी एक परिणाम गोदामात दिसतो. दरवर्षी ५ आणि ११ नंबरच्या जोड्या त्याच प्रमाणात मागवल्या जातात, त्या पायांची माणसे तितकी नसतात आणि माल साचत जातो. पीयू सोल न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून विघटित होतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. विदर्भातले पावसाळ्याचे चार महिने आणि त्यानंतर पत्र्याच्या शेडमधला उन्हाळा, असे तीन-चार फेरे झाले की खोक्यातला कोरा बूट पहिल्याच पाळीत भुगा होतो. असे शिळे जोड बहुधा नव्याने लागलेल्या किंवा कंत्राटी कामगारांच्या वाट्याला येतात, आणि तक्रार मात्र ज्याने चार वर्षांपूर्वी चांगला माल दिला त्या पुरवठादाराच्या नावावर चढते. म्हणून चलनावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष ठळक लिहा, आधी आलेला माल आधी वाटला जावा अशी लेखी विनंती बिलासोबत जोडा आणि पोच घ्या. पोच नसेल तर वाद होईल तेव्हा आपल्या हातात काही राहत नाही.

आता आपल्या घरातले. सीताबर्डीपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत किती दुकानांत पाय मोजायची पट्टी काउंटरवर असते? असते ती खणात, धूळ खात. गिऱ्हाईक आत आले की सेल्समन विचारतो, ‘कितवा नंबर?’ आणि गिऱ्हाईक पंधरा वर्षांपूर्वीचा नंबर सांगते. दोन्ही पाय, उभे राहून, कामाचे मोजे घालून, शक्यतो संध्याकाळी मोजायचे आणि लांबीबरोबर अंगठ्याच्या व करंगळीच्या मुळांवरून फीत फिरवून घेर घ्यायचा, याला पाच मिनिटेही लागत नाहीत. जानेवारीच्या सकाळी घट्ट बसवून घेतलेला बूट मेच्या दुपारी नागपुरात पायातून काढवत नाही, हे इथल्या दुकानदाराला माहीत असायलाच हवे. ‘चामडे आहे, सैल पडेल’ हे वाक्य करेक्टेड ग्रेनवर पीयूचा थर चढवलेल्या बुटाबद्दल बोलणाऱ्याने गिऱ्हाइकाला फसवले, असेच आम्ही म्हणू. पाच-सहा हजार मोजून घेतलेला वेल्टचा बूट नीट बसला तर दोन-तीनदा सोल बदलून वर्षानुवर्षे चालतो. न बसलेला कपाटात जातो आणि ते गिऱ्हाईक पुन्हा चामड्याकडे वळत नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीला ५ टक्के आणि त्यावरच्या जोडीला १८ टक्के जीएसटी आहे. जो बूट दुरुस्त होतो आणि टिकतो त्यालाच जास्त कर. हा दर बदलून घेण्यासाठी भांडावे लागेल, पण पायाचे माप चुकवण्याला कराचे कारण देता येणार नाही.

कारखानदारांची अडचण आम्हाला समजते. डीआयपीमध्ये प्रत्येक साइजला वेगळा साचा लागतो, रुंद फर्मा म्हणजे रुंद साचा, आणि सात नंबरांचा दुसरा संच छोट्या कारखानदाराला एकट्याने परवडत नाही. पण एकट्याने करा असे कोण म्हणतो? १९७४ मध्ये स्थापन झालेले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ अशाच कामासाठी आहे. जी आणि एच फिटिंगच्या फर्म्यांचा आणि साच्यांचा सामाईक संच विदर्भात एका ठिकाणी ठेवून तो भाड्याने वापरायला द्यावा, अशी मागणी आपण एकत्र का करत नाही? फर्म्याचे ग्रेडिंग करून घ्यायला मुंबई किंवा चेन्नई गाठायची गरज नाही. एफडीडीआय या पादत्राण रचना व विकास संस्थेचे केंद्र सव्वाशे किलोमीटरवर छिंदवाड्यात आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात २५ टक्के खरेदी या उद्योगांकडून आणि त्यातली ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करायची तरतूद आहे. आपल्या चर्मकार बांधवांना ती हक्काची जागा मिळाल्यावर मापाच्या एका चुकीने काळ्या यादीत जावे लागत असेल, तर त्या तरतुदीचा उपयोग काय?

नागपूर हे वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन्ही खाण कंपन्यांचे मुख्यालय आहे. कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणींत संरक्षक बुटाशिवाय माणूस उतरू द्यायचा नाही हा नियम आहे. इतके पाय ज्या शहराच्या कागदांवर अवलंबून आहेत, तिथूनच रुंदीचा रकाना सुरू झाला तर देशभरच्या निविदांना वळण लागेल. त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. मागणीपत्रात नंबराशेजारी एक रकाना वाढवायचा आहे.

बूट वाटल्यानंतरच्या देखभालीबद्दल थोडेच. ओला बूट उन्हात तापलेल्या पत्र्यावर किंवा कँटीनच्या भट्टीशेजारी वाळवला की चामडे आवळते, कडक होते आणि पंजाच्या घडीवर तडकते. आधीच अरुंद असलेला बूट त्यानंतर घालण्याजोगा राहत नाही. आत कागद कोंबून सावलीत वाळवावा, चिखल धुऊन निघाल्यावर चामडे अर्धवट ओले असतानाच तेल किंवा मेणाचा हलका हात द्यावा, आणि जमेल तिथे दोन जोड आलटून पालटून वापरावेत. हे आपल्याला पाठ आहे, कामगाराला कोणी सांगत नाही. खोक्यातली इंग्रजी माहितीपत्रिका बंद करून मराठी आणि हिंदीत चार ओळींची चिठ्ठी घाला. एका जोडीमागे तिचा खर्च काही पैशांचा आहे.

पुढच्या निविदांच्या बोलीपूर्व बैठका आता सुरू होतील. तिथे गप्प बसून नंतर आम्हाला पत्र लिहिण्यात अर्थ नाही. प्रत्येक पुरवठादाराने बैठकीत लेखी प्रश्न द्यावा: साइज रोल कोणत्या तारखेच्या मोजणीवर आधारलेला आहे आणि फिटिंग कोणती? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. नवीन मोजणी झालेली नसेल तर आपली दोन माणसे, दोन पट्ट्या आणि कागदाचे गठ्ठे घेऊन पाळी सुटताना गेटवर बसायची तयारी दाखवावी. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिल फिरवणे हे आपल्या वाडवडिलांचे रोजचे काम होते, त्यात कमीपणा मानू नये.

ज्यांच्याकडे जी किंवा एच फिटिंगचे फर्मे आणि साचे आहेत त्यांनी ते कोणत्या नंबरांचे आहेत, भाड्याने देणार का आणि कोणत्या दराने, हे या महिनाअखेरपर्यंत कार्यालयाला कळवावे. ज्यांनी कामगारांचे किंवा गिऱ्हाइकांचे घेर मोजून नोंदवले आहेत त्यांनी नावे वगळून नुसते आकडे पाठवावेत. दोन्ही याद्या पुढच्या अंकात छापू आणि महामंडळाला देण्याच्या निवेदनासोबत जोडू.