जुन्या ट्रॅक्टरचा खटका

चौमहल्ला राजवाड्यात गेलेला पाहुणा तेथील १९१२ सालच्या पिवळ्या रोल्स-रॉइस मोटारीपुढे थबकल्याशिवाय राहत नाही. निजामाच्या या मोटारीचा थाट सर्वांच्या नजरेत भरतो. परंतु त्या ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीच्या मोटारींत सुकाणूच्या चक्रापाशी दोन लहान दांड्या असत, त्यांची विचारपूस क्वचितच कोणी करतो. एका दांडीने इंजिनाचा वेग राखला जाई. दुसरीने ठिणगी लवकर पाडावयाची की उशिरा, हे ठरे. विजेच्या स्टार्टरची सोय या जातीस १९१९ साली लाभली. तोवर पुढे उभे राहून हँडल फिरवणे हाच राजमार्ग होता.

राजवाड्यातील मोटारीस रखवालदार असतो. शेतातील जुन्या ट्रॅक्टरला तो कोठून असणार? १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे आपल्यापैकी कित्येकांचे घर येथे आणि जमीन नांदेड-परभणीकडे, असा संसार चालत आलेला आहे. तिकडच्या गोठ्याच्या आडोशाला आजोबांच्या वेळचा एखादा ट्रॅक्टर उभा असेल, तर तो पुन्हा चालू करण्याची हौस नातवंडांस होते. हौस स्तुत्यच आहे. मात्र अशा वेळी रंग आधी लावला जातो आणि खटक्यांचा विचार मागे पडतो. खरे पाहता जिवाशी गाठ असते ती या खटक्यांचीच.

प्रथम पाहावयाचे ते हे, की ठिणगी येते कोठून? फोर्डसनच्या १९१७ सालापासूनच्या पहिल्या ट्रॅक्टरांत फ्लायव्हीलवरच चुंबके बसवलेली असत व चार कंपनशील कॉइलांची पेटी जवळ असे. १९२९ नंतरच्या फोर्डसनमध्ये तिच्या जागी स्वतंत्र मॅग्नेटो आला. हँडल सावकाश फिरवले असता मॅग्नेटोतून ‘टक्’ असा आवाज आला, तर त्यात ठिणगीस उशीर करून तिला जोर देणारी स्प्रिंगची जोडणी आहे, असे समजावे. पुढील ट्रॅक्टरांत बॅटरी आणि कॉइल यांची पद्धत रूढ झाली.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. कॉइलच्या पद्धतीत खटका जोडला म्हणजे वीज वाहते व इंजिन चालते. मॅग्नेटोचे नेमके उलटे. तेथे खटका जोडला म्हणजे वीज इंजिनाच्या लोखंडात उतरते आणि इंजिन थांबते. हे न जाणता एखादा मिस्त्री बाजारातील किल्लीचा नवा खटका आणतो आणि बॅटरीची तार मॅग्नेटोच्या त्या बंद करण्याच्या खिळीस जोडतो. अशाने चुंबकाचे बळ क्षीण होते, आतील गुंडाळीही जळू शकते. दुसरी गोष्ट बॅटरीची. ब्रिटिश बनावटीच्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. आजच्या सवयीने ऋण टोक जोडण्यापूर्वी मूळ पुस्तिका अवश्य पाहावी.

हँडलचे शास्त्रही विसरता कामा नये. ठिणगीची दांडी असेल तर ती आधी ‘उशिरा’च्या बाजूस न्यावी. ठिणगी वेळेआधी पडली तर दट्ट्या उलटा फिरतो आणि हँडल मनगटावर आदळते. अंगठा मुठीभोवती न वळवता बोटांच्याच बाजूस ठेवावा. हँडल खालून वर ओढावे. वरून खाली दाबू नये.

या साऱ्यांत सुज्ञपणाचा नमुना म्हणजे १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्री येथे तयार झालेला फर्ग्युसन टी.ई.-२०. त्यास स्टार्टरचे निराळे बटण नाही. गिअरची दांडीच ‘एस’ या अक्षराकडे नेली की स्टार्टर फिरतो. दांडी एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. म्हणून ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना चालू होणे अशक्य! आतील हा भाग झिजला म्हणून कोणी बाजूस साधे बटण बसवले, तर ट्रॅक्टर चालू होतो खरा, परंतु ते संरक्षण जाते. मग चाकाजवळ उभ्या असलेल्या मुलाने सहज बटण दाबले आणि गिअर पडलेला असला, तर पुढे काय होईल हे सांगावयास नको. स्क्रू-ड्रायव्हरने स्टार्टरची दोन टोके जोडण्याची खेड्यातील रीतही याच कारणाने घातक आहे.

काही यंत्रांत ठिणगीच नसते, तेथे तिचा खटका शोधणे व्यर्थ होय. जर्मनीच्या लान्झ बुलडॉगचे डोके दिव्याच्या ज्वाळेने तापवीत, मग सुकाणूचे चक्रच काढून फ्लायव्हीलमध्ये घालून फिरवीत. इंग्लंडच्या फील्ड मार्शलमध्ये धुमसता कागद सिलिंडरमध्ये बसवीत व हँडलने किंवा काडतुसाच्या बाराने त्यास गती देत. डिझेल ट्रॅक्टरांत किल्ली मुख्यतः स्टार्टर व दिव्यांसाठी असे. इंजिन बंद होई ते तेल तोडणारी मूठ ओढल्याने. ती मूठ निकामी असेल तर बाकीचे काम थांबवून प्रथम तीच दुरुस्त करावी.

मूळ वस्तू ओळखावी कशी? फळीवरील जुनी भोके, खटक्याखाली दडून राहिलेला मूळ रंग, झिजेच्या खुणा, ओतीव भागावरील अंक, कारखान्याची पट्टी, हे सारे साक्षीदार होत. म्हणून काही उचकटण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी आणि मोडका भागही टाकून देऊ नये; सिकंदराबादच्या राणीगंजात तसाच भाग शोधताना तोच नमुना उपयोगी पडतो. मूळ भाग न मिळाल्यास नवा बसवण्यास हरकत नाही, परंतु त्याचे काम मूळ भागासारखेच असावे आणि ही अदलाबदल वहीत नोंदलेली असावी.

रंग फिका राहिला तरी कोणाचे काही बिघडत नाही. पण उद्या या ट्रॅक्टरवर दुसरेच कोणी बसेल, आणि आपण ठेवलेल्या खटक्यावर विश्वास ठेवून हात पुढे करील. तो हात सुखरूप राहावा, एवढी काळजी आपण आजच घेतली पाहिजे.