आपण मारत नाही, फक्त बघतो



गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणींनी मला एकच तक्रार सांगितली. मुलं मोबाईलवर शिकारीचे व्हिडिओ बघत बसतात, ओरडलं की म्हणतात, "मम्मी, आपण थोडंच मारतोय? फक्त बघतोय." आया गप्प होतात, कारण उत्तर सुचत नाही. मला वाटतं उत्तर आहे. ते मुलांना द्यायच्या आधी आपल्याला नीट कळायला हवं, म्हणून आज याच विषयावर लिहिते आहे.

आधी हे व्हिडिओ असतात तरी काय, ते सांगते. माझ्या जावेच्या मुलाने मला दोन दाखवले, तिसरा मी बघितला नाही. अमेरिकेत कोयोट नावाचा प्राणी आहे, आपल्या कोल्ह्याचा जवळचा नातलग. शिकारी रात्री माळावर दबा धरून बसतो. थोड्या अंतरावर एक यंत्र ठेवलेलं असतं. त्यातून जखमी सशाचा आक्रोश वाजवतात, भुकेला कोयोट त्या आवाजाच्या दिशेने येतो. कधी सशाऐवजी कोयोटच्याच पिल्लांचं कळवळणं वाजवतात. मग येतो तो खायला येत नाही, वाचवायला येतो. अंधारात शरीराची ऊब दाखवणाऱ्या दुर्बिणीत तो नुसता पांढरा ठिपका दिसतो. तो थांबतो, मान वर करतो, आणि गोळी सुटते. कॅमेरा दुर्बिणीलाच जोडलेला असतो, त्यामुळे बघणाऱ्याचा डोळा नेमक्या शिकाऱ्याच्या डोळ्याच्या जागी असतो.

हिवाळ्यात कोयोटचे केस दाट होतात आणि कातड्याला भाव येतो, म्हणून त्या दिवसांत हे जोरात चालतं. मालिकेसारखे भागामागून भाग येतात. तिथल्या बऱ्याच राज्यांत किती मारावेत याला मर्यादाच नाही. सर्वांत जास्त कोण मारतो याच्या स्पर्धासुद्धा होतात. अशा बक्षिसांवर कॅलिफोर्नियाने 2014 साली बंदी घातली. पुढे व्हरमाँटने 2018 मध्ये आणि न्यू मेक्सिकोने 2019 मध्ये स्पर्धा बंद केल्या. पण अनेक राज्यांत त्या अजून सुरूच आहेत.

पिल्लांचा आवाज हे आमिष! मला यापुढे काही बघवेना. आपल्या घरात लहानपणापासून नेमिनाथ भगवंतांची कथा सांगतात. वरात दाराशी आलेली, आणि वाड्यात कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश कानावर पडला. तेवढ्यावर रथ मागे फिरला आणि थेट गिरनारला गेला. राजुलची मेंदी तशीच राहिली. आक्रोश ऐकून रथ फिरवणारे आपले तीर्थंकर आणि आक्रोश वाजवून बोलावणारं हे यंत्र! मुलांना समजवायला एवढी एक तुलना पुरते. निदान आमच्या घरी तरी पुरली, तो दोन दिवस गप्प होता.

पण हे सगळं अमेरिकेतलं, आपला काय संबंध, असं म्हणू नका. मी चांदीपला राहते. पाठीशी तुंगारेश्वरचं जंगल आहे, 2003 साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं, साधारण 85 चौरस किलोमीटरचं. भातकापणी झाली, पानगळ सुरू झाली की रान मोकळं होतं, पाणवठे आटायला लागतात. कुठल्याही रानात जनावर गाठायला सोपे असे हेच दिवस. मग गलोल, तारेचे फासे, गावठी बंदुका बाहेर निघतात. ससा, रानडुक्कर, घोरपड, जे सापडेल ते. महामार्गाने उत्तरेला मनोर लागतं. तिथल्या बोरशेतीच्या जंगलात 2025 च्या जानेवारीअखेरीस काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. रानडुक्कर समजून एकाने गोळी झाडली, ती सोबतच्याच माणसाला लागली आणि तो गेला. पोलिसांना कळवण्याऐवजी बरोबरच्यांनी मृतदेह झुडपात लपवला. काही दिवसांनी हे उघड झालं तेव्हा सगळ्या जिल्ह्यात त्याचीच चर्चा होती. ते कुटुंब आपल्यापासून फार लांबचं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण आपल्या बायकांत हा विषय निघाला की पहिलं बोट वारली-कातकऱ्यांकडे जातं. मला ते पटत नाही. पोटासाठी ससा धरणारा माणूस आणि मोटारीतून छऱ्याची बंदूक घेऊन फोटो काढायला येणारा माणूस यांना मी एका पारड्यात घालणार नाही. हिंसा दोन्हीकडे आहे, पाप नाही असं मी म्हणत नाही. पण भाव वेगळा, आणि आपला धर्म भावाला किती किंमत देतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेतकऱ्याचंही तसंच. रात्रभर राखण करूनही रानडुक्कर उभं पीक लोळवून जातं, तेव्हा तो वनखात्याकडे रीतसर परवानगी मागू शकतो. शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे भेद उगाच केले नाहीत. गृहस्थाने पहिल्यांदा सोडायची ती संकल्पी, म्हणजे ठरवून, हौसेने केलेली. सात व्यसनांच्या यादीत जुगार-दारूच्या रांगेत शिकार आहे ती याच अर्थाने. व्यसन म्हणून. ज्याच्याशिवाय भागतं, आणि तरी सुटत नाही, ते.

आणि व्हिडिओ नेमका या हौसेला खतपाणी घालतो. बघणारा कोणी नसेल तर कॅमेरा बंदुकीला कशाला बांधतील?

आता आपण जपमाळेकडे येऊ. 108 मणी का, हे तुमच्यातल्या अनेकींनी स्वाध्यायात ऐकलं असेल. पाप मनात ठरवणं, त्याची तयारी करणं आणि ते सुरू करणं हे 3. मन, वचन, काया हे 3. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं हे 3. क्रोध, मान, माया, लोभ हे 4. गुणाकार करून बघा, 108 येतात. म्हणजे यातले 36 मणी नुसत्या अनुमोदनेचे. हातात शस्त्र नाही, कोणाला सांगितलंही नाही, फक्त "वा!" म्हटलं, त्याचे 36. "आपण थोडंच मारतोय?" या प्रश्नाला आपल्या आजीच्या हातातल्या माळेने कधीच उत्तर देऊन ठेवलं आहे. तो अंगठा वर केलेला निळा हात, ते लाल बदाम, ती "काय नेम आहे!" अशी कमेंट, याला अनुमोदना नाही तर काय म्हणायचं?

यावर एक जाणकार ताई मला म्हणाल्या, "अगं, सामायिकात श्रावक दोनच करणांचा त्याग करतो, करणार नाही आणि करवणार नाही एवढाच. अनुमोदनेचा त्याग साधू-साध्वींचा." बरोबर आहे, आणि मुद्दा चांगला आहे. पण ही सूट कशासाठी, याचा विचार करू या. आपण सामायिकात बसलेलो असताना घरात चूल पेटते, दुकान चालू असतं, त्याचा लाभ आपल्याला मिळतोच, म्हणून संसारी माणसाला ते दार पूर्ण बंद करता येत नाही. त्या दारातून मुद्दाम बाहेर जाऊन तमाशा बघावा म्हणून ते उघडं ठेवलेलं नाही. शिवाय श्रावकाच्या 12 व्रतांत अनर्थदंडाचा त्याग आहे. त्याच्या प्रकारांत शस्त्र पुरवणं आहे, दुसऱ्याच्या वधाचं चिंतन आहे, आणि दिगंबर ग्रंथांत दुःश्रुतीही सांगितली आहे, म्हणजे मन मलिन करणारं ऐकत बसणं. ऐकण्याच्या काळात ऐकणं म्हटलं. आता बघणंही त्यातच आलं. रौद्रध्यानाचा पहिलाच प्रकार हिंसेत आनंद मानणं हा आहे.

मग पुढची शंका: पडद्यावर दिसतं ते तर चित्र, प्रत्यक्ष जीव तिथे नाहीच. या शंकेला यशोधर राजाची कथा आहे. उज्जैनचा राजा यशोधर. त्याला वाईट स्वप्न पडलं, आई चंद्रमती म्हणाली देवीला बळी दे. त्याने जीव मारायला नकार दिला. शेवटी आईच्या हट्टापुढे तडजोड झाली, पिठाचा कोंबडा करून तो कापायचा. पिठाचाच की! रक्ताचा थेंब नाही. पण कापताना भाव मारण्याचा होता, आणि तेवढ्यावर मायलेक मोर आणि कुत्रा होऊन जन्मले आणि पुढे कितीतरी तिर्यंच योनींत फिरले. या कथेवर दहाव्या शतकात सोमदेवांनी संस्कृतात आणि पुष्पदंतांनी अपभ्रंशात मोठी काव्यं लिहिली, इतकं तिचं महत्त्व. त्यातला शेवटचा भाग मला आता वेगळाच दिसतो. मायलेक कोंबडा-कोंबडी झाले आहेत, मुनींचा उपदेश ऐकून आरवतात, आणि राजा नुसत्या आवाजावर बाण सोडून दोघांना मारतो. कशासाठी? भूक नव्हती, शत्रू नव्हता. शेजारी राणी बसली होती, तिला आपला शब्दवेध दाखवायचा होता. हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, पण राजाच्या हातात मोबाईल दिला की आजची.

आता जरा अवघड भाग. आपल्यापैकी अनेकजणी असे व्हिडिओ संतापाने पुढे पाठवतात. "बघा किती क्रूर! सगळ्यांना पाठवा!" हेतू चांगला, मान्य. पण मोजणाऱ्या यंत्राला हेतू कळत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. तुम्ही रडत बघितलं तरी एक, टाळ्या वाजवत बघितलं तरी एक. शिवाय पर्युषणाच्या दिवसांत घरातल्या गटावर सकाळी आरती आणि दुपारी तडफडणारं हरिण, असं मी पाहिलं आहे. लहान मुलं तेच फोन हाताळतात.

व्हिडिओ आपल्याकडचा असेल तर तो पुरावा आहे, हे लक्षात ठेवा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणं नव्हे, पकडणं, फासे लावणं, आमिष दाखवणं, नुसता प्रयत्नसुद्धा त्यात येतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर आपला कोल्हा पहिल्या अनुसूचीत आहे, बिबट्या आणि घोरपड यांच्या बरोबरीने. त्यांच्या शिकारीला किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. तेव्हा असा व्हिडिओ आला तर दहा जणींना पाठवू नका, वनखात्याला कळवा. 1926 हा त्यांचा मोफत क्रमांक आहे.

हे झालं अनुमोदनेचं. पण 36 मणी करवण्याचेही आहेत, आणि त्याबद्दल बोलायला मला जास्त संकोच वाटतो, कारण ते आपल्या तिजोरीत आहेत. व्यापारी घरांत लक्ष्मी टिकावी म्हणून चांदीच्या डबीत शेंदूर लावून "सियारसिंगी" ठेवतात. कोल्ह्याचं शिंग. अहो, कोल्ह्याला शिंग असतं का? तो कातडीसकट कापलेला केसांचा पुंजका असतो, आणि तोही कित्येकदा भलत्याच जनावराचा. दुसरी वस्तू हत्ताजोडी. दुर्मिळ वनस्पतीचं मूळ म्हणून ती विकतात, जोडलेल्या हातांसारखी दिसते म्हणून देवघरातही जाते. 2017 च्या सुमारास तपासणीत उघड झालं की हे मूळ-बीळ काही नाही, नर घोरपडीचं कापून वाळवलेलं जननेंद्रिय आहे. आलू-कांदा घरात न आणणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या आपण, आणि देवघरात हे! रानातल्या फासेवाल्याला दोन पैसे मिळतात, पण त्याला फासा लावायला लावणारी मागणी तो निर्माण करत नाही. ती विकत घेणाऱ्याकडून येते. मुलाचा मोबाईल तपासण्याआधी ही डबी उघडून बघायला हवी असं माझं मत आहे, मग सासूबाई काहीही म्हणोत.

डबी सापडली तर काय करायचं, हेही विचारलं गेलं आहे. नदीत सोडू नका, "तुझ्याकडे राहू दे" म्हणून नणंदेलाही देऊ नका. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा अवयव जवळ बाळगणं हाही गुन्हाच आहे. घरातल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या, हवं तर वकिलाला विचारा, आणि जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. आमच्या भागाचं कार्यालय मांडवीला आहे. तुमचं कुठे आहे ते 1926 वर विचारता येईल.