पाकघर: क्रॉकपॉटमधलं पुल्ड पोर्क

मंडळी, पिकनिकला आपली मुलं आता बटाटेवड्याइतक्याच हक्कानं पुल्ड पोर्क मागतात. ज्यांच्या घरी चालतं त्यांच्यासाठी ही कृती.

दुकानात 'बॉस्टन बट' मागा. नावावर जाऊ नका, तुकडा पुढच्या खांद्याचा असतो. ४ पौंडांचा पुरे, पण पूर्ण वितळलेला हवा. गोठलेला तसाच टाकला तर आतून फार हळू तापतो, तोवर जंतू वाढतात. मीठ, तिखट, ब्राऊन शुगर चोळा. तळाशी कांद्याच्या चकत्या, वर अर्धा कप व्हिनेगर. 'लो'वर ८ ते १० तास. झाकण सारखं उघडू नका हं!

पहिल्यांदा मी ६ तासांनी पाहिलं, तर मांस शिजलेलं पण चिवट. बिघडलं समजून बंद केलं. चूक तिथेच झाली. १४५ अंश फॅरनहाइटला पोर्क खाण्याजोगं होतं, पण खांद्यातलं कोलॅजेन विरघळून धागे सुटायला २०० च्या आसपास जावं लागतं. काटा लावताच सुटलं पाहिजे, नाहीतर आणखी तासभर ठेवा.

बाटलीतला गोड सॉस मला आवडत नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात नुसतं व्हिनेगर, मीठ, लाल मिरची घालतात. थेट गोव्याच्या विंदालूची आठवण! मी त्यात लसूणही ठेचून घालते.

शाकाहारी मंडळींसाठी हाच मसाला डब्यातल्या कोवळ्या फणसाला लावा. मिठाच्या पाण्यातला घ्या, पाकातला नको. भांडं आणि डाव मात्र वेगळे, आणि टेबलावर चिठ्ठी लावा.